आत्याची हिरवी बाटली

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय मला चिठ्ठीवर लिहून आला तो असा: 'हेम्पमधली कॅनाबिनॉइड्स आणि शरीराचं वेलनेस'. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड, आणि कॅनाबिनॉइड्स म्हणजे त्यातले अंगावर परिणाम करणारे रेणू. रेडिओ बंद करू नका, घरात मुलं असली तर त्यांनाही ऐकू द्या. आणि 'वेलनेस' या शब्दाचं म्हणाल, तर आमच्या लहानपणी त्याला 'बरं वाटणं' म्हणत आणि ते फुकट असायचं. असो.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. एकतीस वर्षं फळ्यावर षट्कोन काढले. तेव्हा मी रेणूपासून सुरुवात करावी, अशी तुमची अपेक्षा असणार. पण मी सुरुवात करणार आहे साखर पेठेतल्या माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरातून.

आत्याचं वय चौऱ्याहत्तर. गुडघे दुखतात. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. ही गोळी लक्षात ठेवा, ती पुढं येणार आहे. तिचा नातू पुण्याला असतो. त्यानं कुरिअरनं एक बाटली पाठवली. हिरवी, ड्रॉपरची, वर सात बोटांचं पान छापलेलं. फोनवर म्हणाला, "आज्जी, रोज एक चमचा घे, गुडघे पळायला लागतील." आत्यानं वास घेतला. गवताचा! तसं पिणं काही जमेना. पण नातवानं पैसे घालून पाठवलेलं, टाकवेना. बाटली फडताळात गेली.

मग आली भोगी. सोलापूरकरांना भोगीचा दिवस काय असतो ते सांगायला नको. सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, सगळं गाव रस्त्यावर असतं. आमच्या शेजारचे अप्पा, साठीच्या पुढचे, दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून अनवाणी मिरवणुकीत चालतात. सकाळी निघालेला माणूस पोटात काही नसताना संध्याकाळी परत येतो. परतले की जेवायला आत्याकडे, हा रिवाज.

पानात काय? तीळ लावलेली बाजरीची कडक भाकरी, भोगीची भाजी आणि शेंगाचटणी. ती उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमधून काढतात तो शेंगदाण्याचा भुगा, त्याला चटणी म्हणू नये, हे मी या माइकवरून आधीही सांगितलंय आणि पुन्हा सांगतो. तर चटणीत बोटानं खळगा करायचा आणि त्यात तेल ओतायचं. त्या दिवशी आत्याचं शेंगतेल नेमकं संपलेलं. तिनं फडताळातली हिरवी बाटली काढली आणि सगळ्यांच्या चटणीवर सोडली. "नातवानं पाठवलंय, गुडघ्याला चांगलं असतं म्हणे."

पाच माणसं जेवली. बोटं चाटून जेवली. कुणाला काही झालं नाही. आता हे वाक्य पुन्हा ऐका: जेवून अर्धा तास झाला तरी कुणाला काही झालं नाही.

मग शेजारचं कॉलेजातलं पोरगं आलं. त्यानं बाटली उचलली, वरच्या पानाकडं बघितलं आणि ओरडलं, "आज्जी! हे तर गांज्याचं तेल आहे की!"

झालं! वहिनींची जीभ कोरडी पडली. जावईबापूंना उगाच हसू यायला लागलं. एकानं भिंतीला हात लावून "घर फिरतंय का बे?" असं विचारलं. आणि अप्पा? अप्पांनी शांतपणे डोक्यावरचा फेटा काढला, तक्क्याला टेकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मालक, पाय दुखायचे राहिले बघा. चढलीय. पण चांगली चढलीय."

मला बोलावणं आलं. "मास्तर, लवकर या, अप्पांना चढलीय." मी चष्मा लावून बाटली वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: हेम्प सीड ऑइल. म्हणजे बियांचं तेल.

आणि श्रोतेहो, बियांत ते चढणारं काही नसतं. त्या झाडाच्या मादीफुलांवर सूक्ष्म चिकट केस असतात, टाचणीच्या डोक्यासारखे. कॅनाबिनॉइड्स तयार होतात ती त्या केसांत. बियांच्या टरफलाला चुकून लागलेला कण सोडला, तर बी म्हणजे नुसतं तेलबी, जवस-तिळासारखं. कुमाऊँच्या डोंगरात लोक भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान् पिढ्या वाटतात, आपण शेंगांची करतो तशी, आणि ती खाऊन कुणी डोलत नाही. म्हणून बियांत नाही, फुलात आहे. घरी कुणी असली बाटली आणली तर तेवढंच आठवा: बियांत नाही, फुलात आहे.

कायद्यालाही ही बी-फुलाची गोष्ट ठाऊक आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायचं नुसतं बी आणि पान त्या व्याख्येत येत नाही. २०२१मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं भांगेचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. आणि आयुर्वेदात भांगेला म्हणतात 'विजया', ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या औषधांच्या यादीत आहे, तिथंही 'बिया सोडून' असं स्पष्ट नमूद आहे.

शेतकरी मंडळी ऐकत असतील तर जाता जाता सांगतो. बियाण्याच्या पिशवीवर 'सनहेम्प' दिसलं तर दचकू नका, तो आपला ताग, गाडून टाकायचा, हिरवळीच्या खताचा. त्याचा याच्याशी संबंध फक्त नावापुरता, आणि त्याचं बी जनावराच्या पोटात गेलं तर विषारी, तेव्हा त्याचं तेल काढायच्या फंदात पडू नका. जिच्या सालीचे दोर वळतात त्या अंबाडीच्या शास्त्रीय नावातसुद्धा 'कॅनाबिनस' आहे, का तर पानं तशी दिसतात. नावावर जाऊ नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि तरी भलत्याच गावच्या मागावर निघालेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते. आपल्याला लेबलाचं दुःख कुणी शिकवायला नको.

तर, बाटलीत काही नव्हतं. मग अप्पांना चढलं काय?

इथं थोडं रसायन सांगू द्या. १९६४मध्ये इस्रायलच्या राफाएल मेकोलम यांनी येहिएल गाओनी या सहकाऱ्याबरोबर नशा आणणारा रेणू वेगळा काढला, टीएचसी. त्या संशोधनासाठी त्यांनी पोलिसांकडून पाच किलो हशीश मागून घेतलं होतं आणि ते पिशवीत घालून बसनं नेलं होतं. पोलिसांकडून, बसनं! आपल्या एसटीत कुणी करून बघू नका. पण खरा प्रश्न पुढं होता. झाडाचा रेणू आपल्या मेंदूत जाऊन बसतो, म्हणजे मेंदूत त्याच्यासाठी जागा असणार. ती जागा, सीबी-वन नावाचं कुलूप, १९८८मध्ये सापडलं. मग देवानं कुलूप काय भांगेसाठी केलं होतं? किल्लीही शरीरात असणार! ती १९९२मध्ये मेकोलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली, आणि तिचं नाव त्यांनी ठेवलं आनंदमाइड. संस्कृतातल्या 'आनंद'वरून. आपला शब्द, आपल्याच डोक्यातला रेणू, आणि नाव ठेवलं जेरुसलेममध्ये.

हा आनंदमाइड करतो काय? पंगत आठवा. वाढणारी आग्रह करत येते आणि जेवणारा पानावर आडवा हात धरतो: बास, पुरे. मज्जापेशींचं असंच आहे. एक पेशी दुसरीला निरोप वाढत असते. फार झालं की घेणारी पेशी तिथल्या तिथं आनंदमाइड किंवा त्याचा भाऊबंद तयार करते आणि उलट दिशेनं पाठवते: बास, पुरे. वेदना, भूक, झोप, भीती, सगळीकडं हा आडवा हात आहे. काम झालं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन आनंदमाइड मोडून टाकतं. सीबी-टू नावाचं दुसरं कुलूप मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतं, त्यामुळे सुजेशीही याचा संबंध येतो.

टीएचसी हा रेणू ती किल्ली बनून थेट कुलपात बसतो, आणि लवकर निघत नाही. ती नशा. सीबीडीचं, म्हणजे हेम्पच्या फुलातल्या दुसऱ्या रेणूचं, तसं नाही. तो सीबी-वनच्या कुलपात नीट बसतच नाही, म्हणून त्यानं नशा येत नाही. तो आजूबाजूची दारं ढकलतो. त्यातलं एक दार कुठलं सांगू? टीआरपीव्ही-वन. नाव अवघड आहे, पण दार तुमच्या ओळखीचं आहे: शेंगाचटणीतल्या लाल तिखटानं जीभ पेटते ती याच दारातून. ते १९९७मध्ये शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. तिखटाचं दार सारखं उघडत राहिलं की ते थकतं, वेदनेचा निरोप मंदावतो. मिरचीच्या अर्काचं मलम दुखऱ्या सांध्याला लावतात ते म्हणूनच.

आता अप्पा. एक, माणूस दिवसभर अनवाणी चालला होता. असे श्रम झाले की रक्तात आनंदमाइड वाढतो, हे माणसांवर मोजलेलं आहे. दोन, त्यांना सांगितलं गेलं की पोटात गांजाचं तेल गेलंय. अपेक्षा! आणि इथं मला स्वतःला अजून नवल वाटतं: इटलीतल्या तुरीनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांच्या गटानं २०११मध्ये दाखवलं की खोट्या औषधानं दुखणं कमी होतं त्यातला एक प्रकार चक्क याच सीबी-वन कुलपातून चालतो. कुलूप औषधानं बंद केलं की तो खोटा गुण येईनासा होतो. म्हणजे बाटलीत काही नव्हतं. होतं ते अप्पांच्या अंगात. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी घरचंच खाल्लं म्हणा की."

मग सीबीडीचा उपयोग नाहीच का? आहे. मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो, शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८मध्ये मान्य झालं. पण मात्रा ऐका: वजनाच्या किलोमागं रोज १० ते २० मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या नजरेखाली, यकृताच्या तपासण्या करत. वीस किलोच्या लेकराला दिवसाला २०० ते ४००. थेंबांच्या बाटलीचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. गुडघ्यांसाठी आणि झोपेसाठी एवढा भक्कम पुरावा अजून हाती नाही, आणि दुखण्यावरच्या चाचण्यांत खोट्या औषधाच्या गटालाही चांगलाच आराम पडतो.

आता ती गोळी. त्याच रात्री नातवाचा फोन आला. सगळा प्रकार ऐकून पोटभर हसला आणि म्हणाला, "काका, मग पुढच्या वेळी फुलातलं खरं सीबीडीवालं पाठवतो, ते स्ट्राँग असतं." हसता हसता माझ्या पोटात गोळा आला. कारण रक्त पातळ करायची आत्याची ती जुनी गोळी, वॉरफरिन, आणि सीबीडी, दोघांचा निकाल यकृतातल्या त्याच विकरांच्या खिडकीवर लागतो. एसटी स्टँडवर एकच खिडकी चालू असते तेव्हा काय होतं ते तुम्ही जाणता. सीबीडी खिडकी अडवून बसला की गोळी रक्तात साचते, रक्त गरजेपेक्षा पातळ होतं, आणि मग साधं खरचटलेलं थांबत नाही. झटक्यांच्या काही गोळ्यांचंही असंच. तेव्हा बियांचं तेल असेल तर ते जेवण, फुलातलं असेल तर ते औषध. पुन्हा सांगतो: बियांचं ते जेवण, फुलातलं ते औषध, आणि औषध चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. नातवाला मी चार शब्द सुनावले. आत्या मागून म्हणत होती, "राहू दे रे, लेकरानं प्रेमानं पाठवलं होतं."

आत्या आता रोज संध्याकाळी कंबर तलावाकडं सावकाश चालून येते. गुडघे दुखतातच, पण झोप लागते म्हणते.

यंदाच्या भोगीलाही अप्पा आले. पाय धुतले, पाटावर बसले, आणि चटणीकडं बघून हळूच विचारलं, "बाई, ते मागच्या वर्षीचं तेल...?" बाटली कधीच संपलेली. आत्यानं माझ्याकडं बघितलं, किटलीतलं साधं शेंगतेल चटणीवर सोडलं आणि म्हणाली, "आहे की."

अप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तक्क्या मागवला.

नमस्कार.