दोन पोती पुस्तके

श्रोतेहो, नमस्कार. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा 12 ऑगस्ट हा जन्मदिवस राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी ग्रंथपालाला 'चालताबोलता ज्ञानकोश' म्हटल्याशिवाय कोणाचे भाषण पुरे होत नाही. तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बरीच वर्षे काढल्यावर मला ही पदवी अडचणीची वाटू लागली आहे. सातबाऱ्याची माहिती देणारे पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे मी सांगू शकते. त्यावर चुलतभावाचे नाव कसे चढले, हे मात्र तलाठी कार्यालयातच विचारावे लागते. मे महिन्यात पालक मुलाला आणून सोडतात आणि शाळा उघडेपर्यंत त्याला वाचनाची गोडी लावायला सांगतात. घरी आपण काय वाचता, असे विचारले की त्यांना घाई असते.

सर्वांत अवघड अपेक्षा असते ती ग्रंथदात्यांची. एक गृहस्थ रिक्षातून वडिलांच्या पुस्तकांची दोन पोती घेऊन आले आणि वडिलांच्या नावाची पाटी लावलेले स्वतंत्र कपाट त्यांनी मागितले. पोत्यांत जुनी गाइडे, बांधीव दिवाळी अंक आणि कसर लागलेल्या कादंबऱ्या होत्या. स्वीकारलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक द्यावा लागतो, ड्यूई पद्धतीने विषयाचा वर्गांक घालावा लागतो (मराठी साहित्य असेल तर 891.46), शिक्के मारावे लागतात, आणि एकदा नोंद झालेले पुस्तक मनात आले म्हणून रद्दीत काढता येत नाही. लहान वाचनालयात हे सगळे करणारी, वर झाडू मारणारी आणि अनुदानाचे कागद रंगवणारी व्यक्ती बहुधा एकच असते. 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे', हे रंगनाथनांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र मला तोंडपाठ आहे, परंतु आमच्या दोन खोल्यांना ते अजून कोणी सांगितलेले नाही.

आम्ही सतरा पुस्तके ठेवून घेतली. गृहस्थ रागावून गेले. महिन्याभराने मात्र ते अनामत भरून सभासद झाले आणि वडिलांची सही असलेलीच एक कादंबरी त्यांनी पहिल्यांदा घरी नेली. तिची मुदत केव्हाच संपली आहे. मी अद्याप स्मरणपत्र धाडलेले नाही.