प्रयोगाला बसलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ज्याने त्याने आपापला सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, शोधून आणायचा असतो. मग कुणी मावसबहिणीला धरून आणतं, कुणी होस्टेलच्या रूम पार्टनरला कँटीनच्या चहावर पटवतं. स्टॉपवॉच दिसलं की ही मंडळी जरा सावरून बसतात आणि हळूच विचारतात, "मी काय केलं म्हणजे तुझं बरोबर येईल?"

प्रश्न भाबडा आहे, पण माणसांवर प्रयोग करणाऱ्याची खरी डोकेदुखी तोच. लोखंडाच्या पट्टीला तुमच्या गृहीतकाचं सोयरसुतक नसतं. माणूस मात्र खोलीत पाऊल टाकल्यापासून अंदाज बांधत असतो, की यांना हवंय तरी काय. आणि बहुतेकांना ते देऊन मोकळं व्हायचं असतं.

अमेरिकेत मार्टिन ऑर्न नावाचे मानसोपचारतज्ज्ञ संमोहनाचा अभ्यास करत होते. संमोहित माणूस सांगाल ते करतो म्हणतात. ते तपासायचं तर आधी असं काम हवं, जे शुद्धीवरचा माणूस सरळ नाकारेल. ऑर्न यांनी डोकं लढवून एक महाकंटाळवाणं काम काढलं. समोर 2,000 कागदांचा गठ्ठा आणि प्रत्येक कागदावर 224 बेरजा. शुद्धीवरच्या माणसाला बसवलं, त्याचं घड्याळ काढून घेतलं आणि सांगितलं, "काम चालू ठेवा, मी येईन केव्हातरी." साडेपाच तास झाले, बेरजा चालूच! शेवटी प्रयोग घेणाराच कंटाळला.

मग त्यांनी काम आणखी निरर्थक केलं. एक कागद सोडवून झाला की शेजारच्या ढिगातलं कार्ड उचलायचं. प्रत्येक कार्डावर तेच लिहिलेलं: या कागदाचे किमान 32 तुकडे करा आणि पुढचा कागद घ्या. लोकांनी तेही तासन्‌तास केलं, आणि मन लावून केलं. का केलंत, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं: आमच्या चिकाटीची परीक्षा असणार. म्हणजे अर्थ नसलेल्या कामाला त्यांनी आपल्या मनाने अर्थ देऊन टाकला होता.

ऑर्न यांचा दुसरा किस्सा तर मला फारच आवडतो. ओळखीतल्या काही जणांना त्यांनी म्हटलं, "पाच पुशअप्स काढता का?" उत्तर आलं, "का?" दुसऱ्या काही जणांना आधी विचारलं, "एका प्रयोगात भाग घ्याल का?" ते हो म्हणाल्यावर तीच मागणी केली. या लोकांनी विचारलं, "कुठे?"

हे सगळं त्यांनी 1962 साली लिहून ठेवलं. सूचनांचा सूर, खोलीची मांडणी, टेबलावरचं यंत्र, आधी कानावर आलेल्या गोष्टी, या सगळ्यांतून माणसाला 'इथे असं वागायचं असतं' हे कळत जातं. प्रयोगाची आखणी म्हणजे बरीचशी या खाणाखुणांचा बंदोबस्त.

तो "कुठे?" आपल्याकडे संमतिपत्रावर ऐकू येतो. काय करायला लावणार, किती वेळ लागेल, त्रास काय होऊ शकतो आणि मधेच उठून जायची मुभा आहे, हे समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगणं बंधनकारकच आहे. पण तुम्ही मन लावून समजावून सांगता आणि तो म्हणतो, "ते असू दे हो, सही कुठे करू?" ही सही म्हणजे संमती नव्हे, भिडस्तपणा आहे. उठून जायचं वाक्य म्हणूनच दोनदा बोलावं आणि मानधन ठरलं असेल तर अर्ध्यातून जाणाऱ्यालाही द्यावं. निकाल काय अपेक्षित आहे, एवढंच आधी सांगायचं नाही. ते शेवटी मोकळेपणाने सांगायचं.

बरं, फक्त समोरचाच अंदाज बांधतो असं नाही. 1996 सालचा एक गाजलेला अमेरिकन प्रयोग होता: वार्धक्याशी जोडलेले शब्द वाचल्यावर तरुण मुलं बाहेरच्या कॉरिडॉरमधून हळू चालतात. ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी तो पुन्हा केला, पण वेळ मोजायला माणसाऐवजी इन्फ्रारेड किरण लावले, आणि तो परिणाम दिसलाच नाही. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांच्याच मनात भरवून दिलं, की ही मुलं हळू चालतील. आता मात्र मुलं हळू चालली! 2012 साली हे प्रसिद्ध झालं. म्हणून कोण कुठल्या गटात, म्हणजे कुणाला कुठले शब्द मिळणार, हे चिठ्ठ्या टाकून तिसऱ्याच कुणी ठरवावं आणि प्रयोग घेणाऱ्याला ते कळू देऊ नये. सूचना लिहून काढाव्यात आणि सगळ्यांना शब्दशः तशाच वाचून दाखवाव्यात.

आपल्या शाळांमध्ये तर आणखी जपावं लागतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयातून वाट काढायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फारसा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली.

आता आपला विद्यार्थी प्रश्नावली घेऊन वर्गात जातो, आणि गुरुजी कौतुकाने हजेरीपटावरून आडनावासकट नावं पुकारतात. पुकारून झाल्यावर मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात. या दोन गोष्टींनी काय काय ढवळलं जातं, याचा हिशेब त्या प्रश्नावलीत कुठेच येत नाही. मुलांना नावांऐवजी नंबर द्यावेत. गुरुजींना ऑफिसात चहा द्यावा.

ऑर्न यांनी एक सोपी युक्तीही सांगितली आहे. प्रयोगात भाग न घेतलेल्या चार-पाच जणांना बसवा, सूचना वाचून दाखवा, साहित्य दाखवा आणि विचारा, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" प्रयोगात मिळणारंच उत्तर त्यांनी बसल्या जागी दिलं, तर तुमचा निकाल वागणुकीतून आला की नुसत्या अंदाजातून, हे सांगता येणार नाही. मग रचना बदलायची. हे मात्र दोनशे प्रती झेरॉक्स करण्याआधी उरकून घ्या.

नमस्कार.