रडून घे, मी दाराशी उभी आहे

श्रोतेहो, नमस्कार.

मी वाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. २०१७ च्या श्रावणात एक दिवस आंघोळ करताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी स्वतःची समजूत घालत मी दिवाळी काढली. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: गाठ हाताला लागली, तर ती दुखायची वाट बघू नका.

पण आज मला बोलायचंय ते रिपोर्ट हातात आल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. नणंद जवळ बसून म्हणाली, "वहिनी, रडायचं नाही हं. रडलं की हा आजार फोफावतो." शेजारच्या काकू म्हणाल्या, "मन घट्ट कर." पुण्याचे दीर फोनवर म्हणाले, "पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनाचाच असतो." सगळ्यांचा माझ्यावर जीव होता, म्हणूनच बोलत होते. पण त्या दिवसापासून माझी भीती दुप्पट झाली. कॅन्सरची होतीच, आता रडण्याचीही वाटू लागली. रात्री डोळे भरून आले की मनात यायचं, आज आपल्या हातानं गाठ वाढवली.

उपचार परळच्या टाटा रुग्णालयात ठरले. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. पहिल्या केमोनंतर चार दिवसांनी, पहाटे, मी तिथल्या न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ. दारावर थाप पडली. बाहेर जळगावकडची एक बाई उभी होती. डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला, म्हणजे केस गेलेले. मी घाईनं म्हटलं, "झालंच माझं." ती म्हणाली, "पानी कशाले वाया घालवती माय? नळ बंद कर अन् रडून घे. मी दाराशी उभी हाये, कोनी येनार नाही."

मी दार लावलं, नळ बंद केला आणि रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. ती खरंच दाराशी उभी होती. बाहेर आले तेव्हा तिनं फक्त विचारलं, "चहा घेशील?"

मैत्रिणींनो, रडल्यानं कॅन्सर वाढत नाही. हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. मन खंबीर ठेवलं म्हणून आयुष्य वाढलं आणि खचलं म्हणून घटलं का, हे संशोधकांनी तपासून पाहिलंय. तसा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. तुमचा आजार तुमच्या विचारांनी आणलेला नाही आणि एका वाईट रात्रीनं तो बळावतही नाही. औषध आपलं काम करत असतं. तुम्ही रडत असतानाही करत असतं.

केमोच्या पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. माझे उशीवर, ताटात, सगळीकडे येऊ लागले, तेव्हा मी घरी होते. न्हाव्याला बोलावून डोकं करून घेतलं. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या होत्या. त्या माजघरातून बाहेरच आल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला फार लागलं. तिसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की त्यांच्या लहानपणी घरात त्यांची आत्या होती, विधवा झाल्यावर तिचं केशवपन केलेलं. ती आत्या कोणाला दिसू नये म्हणून माजघरात बसायची. "तुला बघितलं आणि ती आठवली गं. तू अशी आत बसू नकोस." मग त्यांनीच आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा फाडून डोक्याला बांधून दिला. मला अजून वाटतं, आम्ही दोघी इतक्या जवळ त्याआधी कधी आलो नव्हतो. आणि सासूबाईसुद्धा आधी रडल्या होत्या, मगच हे बोलल्या.

घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगायचंय. आमचे यजमान अबोल. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी साठायला नळी आणि बाटली लावून देतात. ती रोज रिकामी करून पाणी किती मिली आलं ते लिहून ठेवावं लागतं. ते काम त्यांनी उचललं. तारीख, वेळ, आकडा, सुवाच्य अक्षरात. "सगळं ठीक होईल" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ती वही मी जपून ठेवलीय. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर असं एखादं काम घ्या. आणि ती रडत असेल तर गप्प करू नका, तिथेच बसून राहा.

ऑपरेशनात काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या की हात वर जात नाही, पुढे सुजूही शकतो. फिजिओथेरपिस्टनं भिंतीवर बोटं चढवत न्यायला शिकवलं. जिथवर बोटं पोचतील तिथे मी रोज पेन्सिलीनं खूण करायची, मुलांची उंची मोजतो तशी. ब्लाउजचंही सांगते, कारण हे कोणी बोलत नाही. एका बाजूचं वजन गेलं की खांदा झुकतो. मी आधी मोहरीची पुरचुंडी शिवून घातली होती. ब्लाउजमध्ये घालायचे सिलिकॉनचे कृत्रिम स्तन महाग असतात, पण सुती दोऱ्यानं विणलेले हलके स्तन काही संस्था मोफत देतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा. पैशांचंही तिथेच विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, रेल्वेच्या तिकिटातही रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. पैशाच्या घोरानं झोप उडते, ती समुपदेशनानं येत नाही.

आता एक फरक नीट ऐका. रडू येणं वेगळं आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन न लागणं, झोप-भूक उडणं, जगून काय करायचं असं वाटणं वेगळं. ते औदासीन्य हाही आजार आहे आणि त्यालाही उपचार आहेत. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, संकोच करू नका. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा, कारण उदासीवरच्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होतो. दवाखान्यात जाणं जमत नसेल तर सरकारची टेली मानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवरची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालू असते. मराठीतही बोलता येतं.

माझी दरवर्षी तपासणी होते. त्याआधीचा आठवडा मला अजूनही अवघड जातो. पाठ दुखली तरी वाटतं, हाडात आलं का? मग मी लेकीला फोन करून सांगते, "आठवडा सुरू झाला गं माझा." ती "काही नसेल आई" असं म्हणत नाही. ती म्हणते, "बोल."

जळगावच्या त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तिचा मुक्काम आधी संपला आणि ती गावी गेली. ती ऐकत असेल, तर तिला सांगायचंय की त्यानंतर मी नळ सोडून कधी रडले नाही.

टेली मानसचा नंबर लिहून घ्यायचा असेल, तर कागद-पेन घ्या. एक, चार, चार, एक, सहा. पुन्हा सांगते, १४४१६. नमस्कार.