पानाचं वजन

श्रोतेहो, नमस्कार. आज वेबसाइटचं पान हलकं कसं ठेवायचं आणि त्यातून वीज कशी वाचवायची, ते पाहू.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगभरातल्या डेटा सेंटरना, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या संगणक-केंद्रांना, सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज लागली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. पण म्हणून लगेच जुने ईमेल पुसत बसू नका, त्यातून हाती फारसं काही लागत नाही. स्मार्टफोनच्या वाट्याचं बहुतांश कार्बन उत्सर्जन तो कारखान्यात घडतानाच होऊन गेलेलं असतं. तेव्हा आहे तोच फोन दोन वर्षं जास्त चालवणं अधिक मोलाचं. आणि चांगला चालणारा फोन जुना वाटायला लागतो तो बऱ्याचदा जड वेबसाइटमुळे.

पान जड होतं ते मुख्यतः फोटोंनी. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो ४०० पिक्सेलच्या चौकटीत बसवला, तर चौकटीला लागतात त्याच्या शंभरपट पिक्सेल पाठवले जातात. जास्त पिक्सेलची दाट स्क्रीन धरूनही ८०० पिक्सेल रुंदी पुरते. आधी फोटो लहान करा, मग वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात क्वालिटी ७५च्या आसपास ठेवून सेव्ह करा. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचक तिथवर सरकल्यावरच ते उतरतील. पान उघडताच दिसणाऱ्या फोटोला मात्र ते नको. पानाची मांडणी ठरेपर्यंत ब्राउझर तो मागवतच नाही आणि नेमका मुख्य फोटो उशिरा येतो.

जावास्क्रिप्टचं, म्हणजे पानात हालचाल आणणाऱ्या कोडचं, दुखणं वेगळं. तेवढ्याच केबीचा फोटो फोन पटकन दाखवून मोकळा होतो. स्क्रिप्ट मात्र वाचावी लागते, चालवावी लागते, आणि तो भार प्रोसेसरवर पडतो. सरकते बॅनर, कोणी न वापरणारी चॅटची खिडकी, वाचकांची ये-जा मोजणारी एकाच कामाची दोन-दोन अ‍ॅनालिटिक्स आधी काढा.

देवनागरी फाँट जोडाक्षरांमुळे मोठे असतात. रेग्युलर आणि बोल्ड, एवढेच ठेवा, तेही वॉफ-टू या वेबसाठीच्या दाबून लहान केलेल्या स्वरूपात. न लागणारी अक्षरं काढून फाँट छाटताना जोडाक्षरांचे नियम गळले, तर ‘त्र’ऐवजी पाय मोडलेला ‘त्‌’ आणि शेजारी ‘र’ दिसतो. छाटल्यावर दोन-चार परिच्छेद वाचून पाहाच.

वापरणाऱ्यांनी व्हिडिओचा ऑटोप्ले बंद करावा. लहान पडद्यावर ४८०पी पुरतं. डार्क मोडचा मात्र उगाच गाजावाजा झालाय. एलसीडी पडद्यामागचा दिवा काळ्या रंगातही जळतच असतो. ओलेड पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, त्यामुळे तिथे वीज वाचते, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१च्या मोजणीत ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला ही बचत ३ ते ९ टक्केच भरली. त्यापेक्षा आधी ब्राइटनेस खाली आणा.