आम्ही सर्व जण येथेच आहोत
(नाशिक येथे उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या दिवसांत, दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पाळकसाहेब, मंडळीतील वडीलधारी माणसं आणि माझ्या बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

संकटाच्या दिवसांत मनाला शांती कुठून मिळते, यावर बोला असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मला एक प्रश्न आठवला. रविवारी उपासना संपते, लोक आवारात बोलत उभे असतात आणि कुणीतरी बाजूला येऊन हळूच विचारतं, "माझा विश्वास आहे, रोज प्रार्थनाही करतो, मग रात्री झोप का लागत नाही?" विचारणारा कधी अंबडच्या कारखान्यातून कमी केलेला कामगार असतो. कधी एकटीनं मुलं वाढवणारी आई असते. कधी निफाडकडचा द्राक्षबागाईतदार असतो: माल तोडणीला आला, अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर तसंच राहिलं. हळू विचारतात, कारण त्यांना लाज वाटते. मन अशांत आहे म्हणजे आपला विश्वास कमी पडला, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. ते आपणच बसवलं आहे. साक्ष देताना आपण संकट दोन वाक्यांत उरकतो आणि लगेच विजयाकडे येतो. मधल्या रात्री कुणी सांगत नाही.

शुभवर्तमानं मात्र ती रात्र सांगतात. "मी आपली शांती तुम्हांला देऊन ठेवतो," हे वचन आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर लावलेलं असतं. योहानाचा चौदावा अध्याय. हे शब्द प्रभूनं कोणत्या वेळी उच्चारले? शेवटच्या भोजनाच्या रात्री. आणि त्याच रात्री, थोड्याच वेळानं, तो गेथशेमाने बागेत गेला आणि शिष्यांना म्हणाला, "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे." सोबत जागे राहा, अशी विनवणी त्यानं तिघा मित्रांना केली. ते झोपले. तीच प्रार्थना त्यानं तीनदा केली. लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता.

म्हणजे शांती देणारा आणि व्याकूळ होणारा एकच आहे, आणि रात्रही एकच आहे. "जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही," असं तो म्हणाला, त्याचा अर्थ मला इथे उमगतो. जगाची शांती संकट टळल्यावर मिळते. कर्ज फिटलं, रिपोर्ट चांगला आला की आपण सुस्कारा सोडतो, आणि तसं वाटण्यात काही वावगं नाही. ख्रिस्ताची शांती मात्र संकट डोक्यावर असतानाच येते, आणि ती आली म्हणून डोळ्यांतलं पाणी थांबेलच असं नाही. ज्याला झोप लागत नाही, तो विश्वासाबाहेर गेलेला नाही. तो प्रभूसोबत बागेत जागा आहे.

मग या शांतीची सुरुवात कुठून होते? मी म्हणेन, गाऱ्हाण्यापासून. स्तोत्रसंहिता उघडा. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला विचारतो की तू मला कुठवर विसरणार, किती काळ माझ्यापासून तोंड लपवणार. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते काढून टाकावं असं कुणाला वाटलं नाही. मराठी माणसाला हे नवं नसावं. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, त्याला बोल लावले, आणि त्या भांडणानं त्यांची भक्ती उणी झाली असं महाराष्ट्रात कुणी म्हणत नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. त्या पुलावरून येताना हा भांडणाचा हक्कही आपल्याकडे आला आहे. तो आपण का सोडावा?

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंचं घर एका दिवसात मोडलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या काळातला संताप, रडणं, लोकांची बोलणी हे सगळं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आणि त्यातलं काहीही साजरं करून मांडलं नाही. मला त्यांची श्रद्धा त्या खरेपणात दिसते. दुःख झाकून ठेवणाऱ्या माणसापेक्षा, ते देवासमोर पदर पसरून सांगणारा माणूस शांतीच्या अधिक जवळ असतो.

आता हे करायचं कसं? प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलं, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." पण तो तिथे थांबला नाही. सर्व गोष्टींविषयी आपली मागणी आभारासह देवाला कळवा, असं त्यानं पुढे लिहिलं, आणि तेही बेड्यांत असताना. आपण "प्रभू, शांती दे" एवढंच म्हणतो आणि काळजी मनातच ठेवतो. कर्जाचा आकडा उच्चारा. मुलाचं नाव घ्या. उद्या कुणासमोर उभं राहायचं आहे आणि कशाची भीती वाटते, ते सांगा. मोठ्यानं सांगता येत नसेल तर वहीत लिहा. मग आज दिवसभरात ज्या एका गोष्टीनं आधार दिला, तिच्यासाठी आभार माना. ती गोष्ट लहान असली तरी चालेल.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलतो. काही आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, अशी अवस्था असेल तर डॉक्टरांकडे जा. गोळी घेणं हा अविश्वास नाही. मधुमेहाच्या गोळीसाठी आपण कुणाची क्षमा मागत नाही.

आणि ही शांती हातांना काम लावते. आपल्या नाशिकमधल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीचाच इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणली गेली. आईबाप, गाव, भाषा, सगळं तुटलेलं. इथे ती वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि दफनविधीची प्रार्थना वाचली ती या वेनराइटनं. मग त्या माणसांनी तो देह सुमारे हजार मैल वाहून किनाऱ्यावर आणला. तापानं माणसं आजारी पडत होती, प्रेत नेताना गावं अडवत होती, म्हणून ते कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून न्यावं लागलं. ज्याला लहानपणी कुणीतरी माल म्हणून नेलं होतं, तो तरुण एका मृत माणसाला सन्मानानं घरी पोचवत होता. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. पण ज्याचं स्वतःचं सगळं हिरावलं गेलं, त्याच्या हातून हे घडलं, याचं मोल मला फार वाटतं.

करोनाच्या लाटेतला २०२१ चा एप्रिल आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. रुग्णालयातल्या प्राणवायूच्या टाकीला गळती लागून या शहरात एका दिवसात वीसहून अधिक रुग्ण गेले. ज्यांना दफनालाही जाता आलं नाही, त्यांना त्या दिवसांत फोनवरच्या प्रार्थनेनं धीर दिला, आणि दारात ठेवलेल्या जेवणाच्या डब्यानंही दिला. त्यातलं कुठलं अधिक आध्यात्मिक होतं, हा हिशेब मला मांडावासा वाटत नाही.

शेवटी फिलिप्पैच्या तुरुंगाकडे येतो. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. पौल आणि सीला यांना फटके मारलेले, पाय खोड्यात अडकवलेले. मध्यरात्री ते गीतं गात होते. हा भाग आपण नेहमी ऐकतो. पुढचा भाग घाईनं वाचतो. भूकंप झाला, दारं उघडली, आणि कैदी पळाले असं समजून तुरुंगाच्या नायकानं स्वतःचा जीव घ्यायला तरवार उपसली. तेव्हा पौल मोठ्यानं ओरडला, "तू स्वतःला काही अपाय करून घेऊ नकोस, कारण आम्ही सर्व जण येथेच आहोत." स्वतःची पाठ सोललेली असताना त्याचं लक्ष त्या माणसाकडे होतं. त्याच रात्री त्या नायकानं त्यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातलं.

आपल्या जिल्ह्यात कर्जानं खचून असाच जीव द्यायला निघालेली माणसं आहेत. काही आपल्याच बाकांवर बसतात. म्हणून पाळकसाहेबांशी बोलून ठरवलं आहे की या उपवासकाळात दर आठवड्याला दोघादोघांनी मिळून एका घरी जायचं. उपदेश करायला नाही, बसायला आणि ऐकायला. ज्यांना जमेल त्यांनी आज उपासनेनंतर नाव द्या. आणि ज्यांच्या घरी कुणी यावं असं वाटतं, त्यांनी तर नक्की द्या.