संस्थेचा अहवाल छापताय? आधी हे बघा

(कॅमेऱ्याकडे बघत, टेबलावर दोन-तीन छापील अहवाल)

नमस्कार मंडळी! ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि संस्थांमध्ये अहवालाची धावपळ सुरू होते. मजकूर हातात आला की आपण आधी मुखपृष्ठ सजवायला बसतो. थांबा. पहिलं पान कुणासाठी आहे ते आधी ठरवा.

समजा, तुमची संस्था शिरोळ तालुक्यातल्या पूरग्रस्त गावांत मुलांसाठी अभ्यासिका चालवते. २०१९ आणि २०२१ चा पूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. कोल्हापुरात राजारामपुरीत बसून देणगी देणाऱ्या माणसाला एवढंच बघायचं असतं की माझ्या पैशातून काय झालं. किती मुलं आली, किती टिकली, खर्च कशावर झाला. हे पहिल्या दोन पानांत येऊ दे. दीपप्रज्वलनाचे आणि सत्काराचे फोटो शेवटच्या पानावर गेले तरी चालतात. माझं मत विचाराल तर तिथं एकच पुरे.

पानं चारच्या पटीत धरा. सेंटर पिन बाइंडिंगला, म्हणजे मधोमध दुमडून पिन मारतात त्याला, अठरा पानं बसत नाहीत, सोळा करा नाहीतर वीस. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा जास्तीचा भाग, सोडा.

आता मराठी अक्षरं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायला हवा.

(पडद्यावर: एकच परिच्छेद दोन प्रकारे)

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तसाच दिसणाऱ्या टायपिंगमध्ये, मागवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडा, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात जाड-बारीक वजनं भरपूर आहेत. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली असतात, म्हणून इंग्रजीएवढं ओळींमधलं अंतर पुरत नाही. अकरा पॉइंट अक्षराला सोळा-सतरा पॉइंट ठेवून बघा. वयस्कर वर्गणीदारही चष्मा न शोधता वाचतील.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवला की तो आक्रसतो. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे छपाईत इंचाला ३०० ठिपके धरले तर, जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर भरतो, आणि ए-फोर पान आहे एकवीस सेंटिमीटर रुंद. ताणला की चेहरे फुटतात.

चेहऱ्यांवरून एक गोष्ट कळकळीनं सांगते. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलाचा फोटो छापू नका. बालगृहातल्या मुलांची तर ओळखच उघड करता येत नाही, बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आहे. पाठमोरी मुलं, वहीवर लिहिणारा हात, असे फोटो घ्या. काम त्यातूनही दिसतं.

रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांत, बदलून बघा. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा आणि हिरवा कागदावर उतरतोच असं नाही. मजकुराचा काळा मात्र निव्वळ काळ्या शाईचाच असू दे. चार शाया एकावर एक आल्या तर बारीक अक्षरांच्या कडा धुरकट होतात.

आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, आलं की दोघांनी बसा. एकानं अहवालातले आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं ऑडिटच्या कागदावर बोट ठेवून जुळवायचे. रुपयान् रुपया जुळला की मगच प्रेसला ‘छापा’ म्हणून कळवा.