बाहीतलं पॅड कोपरावरच राहिलं पाहिजे

[दृश्य: सावदा-रावेर रस्ता, सकाळी साडेसात. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. पुढे घड भरलेला ट्रक.]

हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. सावदा सुटलं, की रावेरपर्यंत दोन्ही हातांना केळीच केळी. ट्रक भरताना घडांना मार लागू नये म्हणून खाली-वर पानं अंथरतात. त्यातली काही वाटेत गळतात, चाकांखाली जातात आणि डांबरावर त्यांचा निसरडा लगदा होतो. चार वर्षांपूर्वी तसाच लगदा माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाखाली आला. वेग चाळीसच्या आसपास असेल. मी डाव्या अंगावर आपटलो आणि घसरत रस्त्याच्या कडेला गेलो.

अंगात जॅकेट होतं. चांगलं, पॅडवालं. तरीही कोपर सोलून निघालं.

[दृश्य: टेबलावर जुनं जॅकेट. डावी बाही अगदी जवळून.]

ही ती बाही. कोपराचं पॅड इथं आहे, त्यावर ओरखडासुद्धा नाही. आणि कापड फाटलंय ते इथं, पॅडच्या चार बोटं बाजूला. पडताना बाही गोल फिरली, पॅड हाताच्या आतल्या अंगाला गेलं आणि रस्त्यावर घासलं ते नुसतं कापड. जॅकेट मी एक नंबर मोठं घेतलं होतं. दुकानात मीच म्हणालो होतो, "आपल्याकडचं ऊन आहे, जरा ढगळच द्या, हवा खेळते."

हे वाक्य जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत रोज ऐकू येतं. सदऱ्याला ते बरोबर आहे. गाडीवरच्या जॅकेटला नाही. पॅड जागेवर राहिलं तरच ते पॅड, आणि त्याला जागेवर धरून ठेवते ती अंगाबरोबर बसलेली बाही.

[दृश्य: दुकानाबाहेर उभी मोटारसायकल. जॅकेट घातलेला तरुण तिच्यावर बसतो.]

म्हणून आरशासमोर ताठ उभं राहून जॅकेट पसंत करू नका. दुकानदाराला सांगा आणि दारातल्या गाडीवर बसा. हँडल धरा. आता बाही वर चढते. मनगट उघडं पडलं, तर ती आखूड आहे. पुढे वाकल्यावर कमरेत पाठ उघडी पडते का, बघा. मग कोपर वाकवा, दुसऱ्या हाताने पॅड पकडा आणि जोर लावून फिरवा. तुमच्या बोटांनी ते कोपरावरून उतरत असेल, तर रस्ता त्याला क्षणात उतरवेल. दंडावर आणि मनगटाजवळ आवळायचे पट्टे असतात, ते आवळून पुन्हा फिरवून बघा. माझ्या जॅकेटलाही ते पट्टे होते. मी ते कधी आवळलेच नव्हते.

फार घट्टही नको. मान वळवून मागचं बघता आलं पाहिजे, काखेत ओढ बसता कामा नये, आणि तास-दीड तासाने बोटांना मुंग्या येत असतील तर ते माप तुमचं नाही.

पँटचं थोडं वेगळं. उभं असताना गुडघ्याचं पॅड वाटीच्या जरा खाली दिसायला हवं. बसल्यावर कापड वर ओढलं जातं आणि पॅड बरोबर वाटीवर येतं. दुकानात उभ्याने अगदी नेमकी बसलेली पँट गाडीवर मांडीकडे सरकते.

[दृश्य: शिलाई मशीन. टेलरमामांचे हात बाहीचं अस्तर उलटं करतात.]

पडल्यानंतर मी ते जॅकेट घेऊन भुसावळला टेलरमामांकडे गेलो. म्हटलं, खांद्यातून दोन इंच कमी करून द्या. मामांनी शिवण चष्म्याजवळ नेली, नखाने दोरा ताणून पाहिला आणि जॅकेट परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ही शिवण मी उसवणार नाही. हा दोरा वेगळा आहे, तीनदा शिवलंय. मी साध्या दोऱ्याने शिवलं तर पडशील तेव्हा इथंच उलेल." मग त्यांनी अस्तरातला पॅडचा खिसा तेवढा सोडवला, मला मुठी आवळून हात पुढे धरायला लावला, कोपराचं टोक खडूने आखलं आणि खिसा दोन बोटं वर घेऊन शिवून दिला. बाहेरच्या एकाही शिवणीला हात लावला नाही. मोठं माप घेतल्याची चूक काही त्याने पुरती भरून निघाली नाही, पण पॅड कोपरावर आलं.

[दृश्य: भुसावळ, दुपार. रिकामा रस्ता. खिडकीतला कूलर, वाळ्याच्या ताटीवरून ठिबकणारं पाणी.]

आता ऊन. "भो, या उन्हात कोट?" हा प्रश्न मला प्रत्येक टपरीवर विचारतात, आणि प्रश्न खोटा नाही. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पण गाडीवर शर्टाची बटणं सोडून गार वाटतं, हा भास आहे. आपल्या कातडीचं तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापलेली असेल, तर वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. गारवा येतो तो फक्त घाम वाळण्यातून, आणि उघड्या अंगावरून तो इतक्या झपाट्याने वाळतो, की घाम आला हेच कळत नाही. घरी आल्यावर शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तेव्हा कळतं किती पाणी गेलं ते.

खानदेशातल्या प्रत्येक घराला यावरचा उपाय ठाऊक आहे. नुसता पंखा लावला तर गरम झळ येते. त्याच पंख्यापुढे वाळ्याची ओली ताटी लावली, की खोली गार. आपली हवा कोरडी आहे, म्हणून हे जमतं. तीच युक्ती अंगावर करायची. आत सुती बनियन पाण्यात बुडवून, पिळून घालायचं, वर जाळीचं जॅकेट. जाळीतून वारा येतो, बनियनवरचं पाणी उडतं आणि अंग गार राहतं. भर दुपारी सगळी जाळी उघडी असेल तर बनियन लवकर सुकतं. जॅकेटला पुढून चेनचे झरोके असतील तर ते अर्धे लावा, ओल जास्त टिकते. सुकलं, की टपरीवरच्या माठातलं पाणी पुन्हा अंगावर. जुलैच्या दमट हवेत हे तितकं चालत नाही.

आणि चक्कर, मळमळ वाटली, तर सावली बघून थांबायचंच. ओलं बनियन म्हणजे उष्माघाताचं औषध नव्हे. धुळ्याहून साक्रीला जायचं असेल तर मी पहाटे पाचला निघतो.

[दृश्य: जॅकेटच्या आतली पट्टी, मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, खाली अक्षर.]

घेताना आतली ही पट्टी वाचा. युरोपात २०२० पासून गाडीवरच्या कपड्यांना ईएन १७०९२ हे प्रमाण आहे. एएए सगळ्यांत टिकाऊ, मग एए, मग ए. जाळीची जॅकेटं बहुधा ए वर्गातली असतात. बी म्हणजे घासण्यापासून बचाव, पण पॅड नाहीत. सी म्हणजे नुसती पॅडं धरून ठेवणारा पोशाख, जो वर किंवा आत दुसरं कापड घालून वापरायचा. पॅडवरही आकडा असतो, १ किंवा २. पाठीच्या पॅडवर ठरावीक मार देऊन चाचणी घेतात. पलीकडे पोचणारा जोर किलोन्यूटन या एककात मोजतात; तो १ नंबरला सरासरी १८ पर्यंत चालतो, २ नंबरला ९ पर्यंतच. बऱ्याच जॅकेटांत पाठीच्या खिशात फक्त स्पंजचा तुकडा असतो. चेन उघडा, तो काढून बघा. त्यावर काहीच छापलेलं नसेल, तर पाठीचं पॅड वेगळं घ्यावं लागेल हे धरून चला.

पातळ ट्रॅकपँट घालून लांब जाऊ नका. घासण्याच्या उष्णतेने नायलॉन वितळतं आणि जखमेत चिकटतं. साधी जीन्सही फार वेळ तग धरत नाही.

[दृश्य: चाळीसगावच्या बाहेर, स्कूटरवर शिक्षिका. सनकोट, स्कार्फ.]

या बाई रोज खेड्यातल्या शाळेत जातात. सनकोट उन्हासाठी उत्तम, पण ते पातळ सुती कापड आहे, पडल्यावर त्याचा उपयोग नाही. दुकानांत बायकांच्या मापाची जॅकेटं कमी, आणि पुरुषांचं लहान माप घेतलं की खांदा उतरतो, कोपर चुकतं. त्यांनी तीन दुकानं फिरून बायकांच्या बेताचं घेतलं. स्कार्फची टोकं त्या आता जॅकेटच्या आत खोचतात. मागे साडी नेसून बसणाऱ्यांसाठी मागच्या चाकाला जाळी लागते. ती किमान अर्धं चाक झाकणारी असावी, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. शोभत नाही म्हणून ती काढून टाकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पदर किंवा ओढणी चाकात गेली की सावरायला वेळच मिळत नाही.

हेल्मेटचं थोडक्यात. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवायचं हेल्मेट विकायला बंदी आहे. शिक्का बघा, पण मापही बघा. पट्टा लावा आणि मागून वर ढकला. पुढे निघून येत असेल तर ते मोठं आहे. आपल्याकडे डोक्याला रुमाल गुंडाळून वर हेल्मेट घालायची सवय आहे. तो जाड रुमाल काही दिवसांत आतला स्पंज दाबून टाकतो, मग रुमालाशिवाय हेल्मेट डुगडुगतं. एक पदरी सुती टोपी पुरते.

पायात घोटा झाकणारा बूट. हातमोजे तळहाताला जाड हवेत, कारण पडणारा माणूस पहिल्यांदा तळहातच टेकतो.

[दृश्य: पुन्हा सावदा, पहाट. नळाखाली बनियन पिळणारे हात.]

हे माझं नवं जॅकेट. माझ्याच मापाचं. दंडाचा पट्टा दुसऱ्या बटणावर, मनगटाचा पहिल्या. बसतो, हँडल धरतो, डावं पॅड पकडून एकदा फिरवून बघतो.

पुढे केळीचा ट्रक चाललाय. त्याच्यापासून लांब राहूनच निघतो.